आयरिश घर वाचायचं तर आधी छप्पर आणि चूल

वास्तुशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने आयर्लंडमधल्या पांढऱ्या भिंतींच्या, गवती छपराच्या घरांचे फोटो पाहिले आणि तीन गोष्टी विचारल्या. ही घरं कशाची बांधायचे, ती एवढी लांबट आणि अरुंद का, आणि आत सामान काय असायचं? शिवाय कोकणातल्या घरांशी यांचं काही नातं आहे का, हेही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नातं नाही. पाऊस दोन्हीकडे आहे, पण कोकणातला पाऊस चार महिने कोसळतो आणि जातो. इथे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तो वर्षभर भुरभुरत राहतो, आणि वारा असला की आडवा येतो. कोकणातलं घर पडवी काढून हवा आत घेतं. हे घर वाऱ्याकडे पाठ करून विस्तवाभोवती बसतं. तेवढा फरक लक्षात ठेवलात की पुढचं सोपं जाईल.

मी बरीच वर्षं गॉलवे, मेयो आणि क्लेअर या पश्चिमेकडच्या काउंटींमध्ये जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करते. पहिल्या वर्षी प्रत्येक घरात शिरले की भिंतीची जाडी मोजत बसायचे. आमच्याबरोबर शाकारणी करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. एके दिवशी ते म्हणाले, "भिंत कुठे पळून जात नाही, वर बघ." तेव्हापासून मी घर आढ्यापासून वाचते.

तर अरुंद का, याचं उत्तर वरच आहे. इथे लांब लाकूड मिळत नव्हतं. आयर्लंडमधलं जंगल शतकानुशतकं कापलं गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशाच्या जेमतेम १ टक्का जमिनीवर झाडी उरली होती. चांगलं झाड जमीनदाराचं. कुळाने मग वासे आणायचे कुठून? दलदलीतून. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, वाळवून जाळता येणारा थर. त्याच्या दलदलीला इथे बॉग म्हणतात. तिच्या पोटात हजारो वर्षांपूर्वी बुडालेले ओक आणि पाइनचे ओंडके न कुजता पडून असतात. सकाळी ज्या पट्ट्यावरचं दहिवर आजूबाजूच्या आधी उडून जातं, तिथे खाली ओंडका आहे असं जुने लोक मानायचे. मग लांब लोखंडी सळई खुपसून खात्री करायची आणि खणून बाहेर काढायचा. असं लाकूड टणक असतं, पण वेडंवाकडं आणि आखूड. त्याच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, करून जेवढं अंतर झाकता येईल तेवढी घराची रुंदी. आतून मोजलंत तर बहुधा १२ ते १५ फूट भरते. लांबी मात्र कितीही वाढवता येते, एका खोलीला दुसरी खोली जोडत जायची. म्हणून हे घर एका खोलीएवढंच खोल असतं. मधून जायचा बोळ नाही, एका खोलीतून दुसरीत जायचं. दारं-खिडक्या लांब बाजूच्या भिंतीत, आखूड बाजूला क्वचितच. घर रुंद करणं अपशकुनी, असाही समज होता. ज्या गोष्टीला लाकूड मिळणार नाही ती अपशकुनी ठरवून टाकलेली बरी!

आता छपराचे थर. कैच्यांवर आडव्या पट्ट्या, त्यांवर वासे किंवा काटक्या, आणि त्यावर बाहेरच्या माणसाला माहीतच नसलेला एक थर: गवतासकट कापलेली माळाची साल. तिला स्क्रॉ म्हणतात. साधारण दोन फूट रुंदीची पट्टी, एका वळचणीपासून आढ्यावरून दुसऱ्या वळचणीपर्यंत पुरेल एवढी लांब. फाटू नये म्हणून ती काठीवर चटईसारखी गुंडाळायची, खांद्यावरून वर न्यायची आणि छपरावर उलगडत आणायची. मग आतल्या लाकडांना ती दोरीने शिवायची. दोरी कधी पेंढ्याची, कधी बॉगमधल्या पाइनचे तंतू वळून केलेली. हा थर गारवा अडवतो आणि वरच्या शाकारणीची मेख धरून ठेवतो. आत उभं राहून वर पाहिलंत तर काळी मखमल ताणल्यासारखी दिसते, ती पिढ्यानपिढ्यांची काजळी.

शाकारणीला जे जवळ असेल ते. ओटचा पेंढा सगळ्यात जास्त. गहू आणि राय या धान्यांचा पेंढाही असतो. शॅनन नदीकाठी बोरू, डोंगरात हेदरची झुडपं, किनाऱ्यावर वाळूतलं मॅरम गवत, उत्तरेकडे कुठे कुठे अंबाडीसारखं वाळवलेलं जवसाचं काड. ते बसवायच्या पद्धती प्रदेशागणिक बदलतात. बहुतेक ठिकाणी हेझल किंवा विलोची फोक दोन्ही टोकांना तासून, मध्ये पिळून केसांच्या आकड्यासारखी वाकवतात आणि पेंढीवरच्या आडव्या काठीवरून आत ठोकतात. हिला स्कॉलप म्हणतात. पूर्वेकडे पेंढ्याच्या मुठीला गाठ मारून ती जुन्या थरात खुपसायची पद्धत आहे. डोनेगल आणि मेयोच्या किनाऱ्यावर स्कॉलपवर विश्वास नाही. तिथे सगळं छप्पर दोरांच्या जाळ्याने बांधतात आणि दोर भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी खुंट्यांना आवळतात. अशा घराचं आढंही टोकदार नसतं, गोलसर असतं, म्हणजे वाऱ्याला पकड मिळत नाही. ओटचा पेंढा दहा-पंधरा वर्षं टिकला तर नशीब. बोरू त्याच्या दुप्पट-तिप्पट टिकतो.

वारा हा इथे गप्पांचा विषय नाही, इतिहासाचा आहे. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री असं वादळ आलं की हजारो घरांची छपरं उडाली. त्या रात्रीला 'मोठ्या वाऱ्याची रात्र' असंच नाव पडलं. १९०९ मध्ये सत्तरीपुढच्यांना सरकारी पेन्शन सुरू झाली तेव्हा म्हाताऱ्यांकडे जन्माचा दाखला कुठला? सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनची. मग 'मोठा वारा आठवतो का' हा प्रश्न वयाचा पुरावा म्हणून चालला. आठवतंय म्हणणाऱ्यांची संख्या जरा जास्तच निघाली, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आता भिंती. फोटोतलं पांढरं घर पाहून दगडी असेल असं वाटतं, पण देशाच्या मोठ्या भागात ती मातीची आहे. पश्चिमेला आणि डोंगराळ भागात दगड, कारण शेत साफ करायचं म्हटलं तरी दगडच निघतो. तिथे दोन फूट जाडीची भिंत, मधे मातीचा किंवा चुन्याचा गारा, बाहेरून दगडांमधले सांधे भरलेले. पूर्वेला, मध्यभागी आणि वेक्सफर्डसारख्या आग्नेयेकडच्या काउंटीत चिखलाची भिंत. पिवळसर चिकणमातीत चिरलेला पेंढा किंवा लव्हाळं घालून पाणी मारायचं, पायांनी नाहीतर जनावरांनी तुडवायचं आणि मुरू द्यायचं. मग दगडी जोत्यावर फावड्या-दाताळ्याने थर रचत जायचं. साचा नाही, फळ्या नाहीत. फूट-दीड फुटाचा थर झाला की थांबायचं, सुकला की पुढचा. शेवटी धारदार फावड्याने कडा ताशीव करायच्या. मातीच्या भिंतीला उंच त्रिकोणी टोक पेलत नाही, म्हणून अशा घरांचं छप्पर बहुतेक चारही बाजूंनी उतरतं. दगडी घराच्या दोन टोकांच्या भिंती मात्र सरळ आढ्यापर्यंत चढतात. गाडीतून जाताना छपराचा आकार पाहूनच आतली भिंत कशाची असावी याचा अंदाज बांधता येतो, आणि तो बऱ्याचदा खरा ठरतो.

पांढरा रंग म्हणजे चुन्याची सफेदी. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर किंवा एखाद्या सणाआधी मारायची. भट्टीतला कळीचा चुना विझवताना त्यात चरबी टाकत, म्हणजे पाणी ओघळून जातं. पांढरेपणा उठून दिसावा म्हणून कपड्यांची नीळही घालत. पण सफेदीचं खरं काम शोभेचं नाही. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो आणि किडे-बुरशी दूर ठेवतो. माझ्या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं इथेच आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत लोकांनी या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, 'एकदाच काय ते' म्हणून. एका मातीच्या घरात आम्ही बाहेरचं सिमेंट फोडलं तेव्हा मागची भिंत श्रीखंडासारखी हाताला लागली. तडा गेला की पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही. पूर्वीच्या मालकाने चांगल्या हेतूनेच केलं होतं. त्या कोपऱ्याचा सहा फुटांचा भाग आम्हाला पुन्हा थरांनी रचावा लागला. तिथल्याच ढिगातली माती भिजवून वापरली, कारण ती कधी भाजलेली नसते, पुन्हा पाणी घातलं की पुन्हा चिखल.

आता चुलीकडे. 'चूल' म्हणते खरी, पण ओटा वगैरे काही नाही. जमिनीलगत, दगडी फरशीवर जळणारा पीटचा विस्तव, आणि वर धुराडं. पश्चिमेकडे ते बऱ्याचदा कुडाचंच, म्हणजे काटक्यांचं विणकाम आणि वर मातीचा लेप. घराच्या आराखड्याचे दोन मोठे प्रकार या विस्तवावरूनच पडतात. पश्चिमेला आणि उत्तरेला दारातून सरळ स्वयंपाकघरात पाऊल पडतं, विस्तव दूरच्या टोकाला, आणि पुढच्या दारासमोर मागचं दार. वारा ज्या बाजूचा असेल ती बाजू बंद, दुसरी उघडी. पूर्वेला आणि दक्षिणपूर्वेला विस्तव दाराजवळच, पण मध्ये एक आडभिंत, म्हणजे वारा थेट राखेवर येत नाही. त्या आडभिंतीला हातभर उंचीवर एक छोटं भोक असतं. विस्तवाशी बसल्या बसल्या दारात कोण आलंय ते दिसतं. केविन डॅनहर आणि एस्टिन इव्हान्स यांसारख्या अभ्यासकांनी हे प्रकार नकाशावर मांडले. त्याआधी १९३० च्या दशकात स्वीडनहून आलेल्या ओके कँपबेल यांनी घरांची मापं घेतली होती.

विस्तव विझू द्यायचा नाही, हा नियम. रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे, संत ब्रिगिडचं नाव घेऊन, आणि सकाळी उकरून त्यावर नवीन पीट रचायचं. शेजाऱ्याकडून विस्तव मागून आणणंही काही दिवशी अशुभ. विस्तवाच्या बाजूला भिंतीत लोखंडी खांब आणि त्याला फिरता हात, याला क्रेन म्हणतात. तिच्या साखळीच्या कड्या कमी-जास्त करून भांडं वर-खाली करायचं, म्हणजे आच मंद-प्रखर. सोडा घातलेली भाकरी तीन पायांच्या सपाट बुडाच्या लोखंडी भांड्यात भाजतात, झाकणावर निखारे ठेवून. या भांड्याला दक्षिणेत बॅस्टिबल म्हणतात. मध्य आयर्लंडमध्ये चाक फिरवून हवा देणारा भाता दिसतो, फरशीखालच्या नळीतून वारा विस्तवाच्या पोटात येतो. पोरांना तो फिरवायचं काम फार आवडायचं.

विस्तवाजवळच्या भिंतीत कोनाडे: एकात आजोबांची चिलीम-तंबाखू, दुसऱ्यात आजीचं विणकाम. शेजारी टांगलेली मिठाची लाकडी पेटी, कारण ओल्या देशात मीठ कोरडं राहील अशी ती एकच जागा. पुढच्या वेळी संग्रहालयात अशी पेटी दिसली तर झाकणाची बिजागरी बघा. ती चामड्याची असते. लोखंडाची लावली की मिठाने खाऊन टाकली.

वायव्येकडच्या घरांत विस्तवाशेजारी मागची भिंत बाहेर फुगवलेली असते, जेमतेम एक पलंग बसेल एवढी. म्हाताऱ्या जोडप्याची ऊबदार जागा. पुढे पडदा किंवा फळ्या. आयरिशमध्ये तिला कॅलिअख म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ म्हातारी असाही आहे. शब्द नेमका कुठून आला हा वाद भाषावाल्यांनी घालावा, मला मापाशी काम. क्लेअरमध्ये वेगळी चाल. मुलाचं लग्न झालं की म्हातारे विस्तवामागच्या खोलीत जायचे. ती 'पश्चिमेची खोली', घरातली मानाची. चांगलं सामान, फोटो तिथे. कॉनराड एरेन्सबर्ग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ही चाल नोंदवली आहे.

आणि गाय? हो, तीही घरातच. मेयो-डोनेगलच्या गरीब घरांत विस्तव एका टोकाला आणि गाई दुसऱ्या टोकाला, मध्ये मोरी. जमीन गाईच्या बाजूला उताराची. गाईच्या अंगाची ऊब मिळते आणि गाय जास्त दूध देते, असा हिशेब. अॅकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ८० ते १०० घरांचं ओसाड गाव आहे. छपरं कधीच गेली, पण भिंतींत ही मांडणी अजून वाचता येते. १८९१ साली स्थापन झालेल्या कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने गोठा घराबाहेर हलवायला मदत दिली आणि ही पद्धत मागे पडली.

सामानाबद्दल विचारलंत, तर पहिली गोष्ट: स्वयंपाकघराचा मधला भाग रिकामा. सगळं भिंतीला लागून. कारण तीच खोली कामाची, नाचाची आणि मेलेल्या माणसाभोवती रात्रभर बसायची. जमीन तुडवलेल्या मातीची. नवीन घर झालं की शेजाऱ्यांना नाचायला बोलवायचं, जमीन आपोआप घट्ट होते. घर बांधायलाही शेजारीच, आपल्या सावडीसारखं. त्याला मेहल म्हणतात. नाचाचा आवाज घुमावा म्हणून फरशीखाली घोड्याची कवटी पुरायचे, आणि अशा कवट्या खरोखर सापडल्या आहेत. मला मात्र एकही नाही.

घराचा अभिमान म्हणजे ड्रेसर. आपली मांडणी म्हणा, पण खाली कपाट, वर ताटल्यांच्या उभ्या रांगा. पश्चिमेकडे खालच्या भागाला उभ्या पट्ट्या असतात, आणि आत कोंबड्या! हिवाळ्यात उबेला राहिल्या की अंडी देतात. वर फुलांच्या नक्षीची ताटं, खाली खुराडं, हे ऐकून तुम्ही हसाल, पण एवढ्याशा घरात याहून शहाणं लाकूडकाम मला माहीत नाही. ड्रेसरचे पायही पाहण्यासारखे. ओल्या मातीने लाकूड कुजतं, म्हणून खाली घसरगाडीसारख्या दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. त्या कुजल्या की काढायच्या, नव्या ठोकायच्या, वरचं फर्निचर शाबूत.

सेटल म्हणजे उंच पाठीचा बाक. त्याची पेटी बिजागरीवर पुढे उलटवली की जमिनीवर उघडं खोकं तयार होतं, त्यात पेंढा आणि घोंगड्या. पोरं किंवा रात्रीपुरता आलेला भिकारी तिथे झोपायचा. खुर्च्या बसक्या, कारण धूर वर तरंगतो, बसणाऱ्याचं डोकं त्याखाली हवं. स्टूल तीन पायांचं, म्हणजे वेड्यावाकड्या जमिनीवर डुगडुगत नाही. सूगान म्हणजे वळलेली पेंढ्याची दोरी, तिनेच विणलेली बैठक. टेबल बऱ्याच घरी भिंतीला बिजागरीने टांगलेलं, जेवण झालं की वर उचलून अडकवायचं. गरिबाकडे तेही नाही. उकडलेले बटाटे वेताच्या उथळ टोपलीत ओतायचे, टोपली भांड्यावर ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसून खायचं. पलंगाला लाकडी छत असायचं, ते ऐश्वर्य नव्हे, वरून काजळी आणि थेंब पडायचे म्हणून. उजेडाला सोललेल्या लव्हाळ्याची वात, चरबीत बुडवलेली. वीज खेड्यांत १९४६ नंतर हळूहळू आली, आणि पहिल्या बल्बखाली घरचा कोपरा न् कोपरा किती काळा आहे ते अनेकींना पहिल्यांदा दिसलं.

एक सावधगिरी. हे सगळं ऐकून सगळे असेच राहत होते असं समजू नका. ड्रेसर, सेटल, क्रेन ही थोडंफार बरं चाललेल्या घरांची वस्तू. १८४१ च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग पाडले होते. चौथा वर्ग म्हणजे एका खोलीची मातीची झोपडी. अशा सुमारे ४ लाख ९१ हजार होत्या. मग १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला, महादुष्काळ आला, घरं पाडून कुळांना बाहेर काढणं आलं. १८५१ च्या जनगणनेत या झोपड्या सुमारे १ लाख ३५ हजार उरल्या. त्या दगडी नव्हत्या, म्हणून त्यांचे अवशेषही नाहीत. आज जे आपण 'पारंपरिक आयरिश घर' म्हणून पाहतो ते बहुतांशी त्या काळातून तगलेल्यांचं घर आहे.

प्रत्यक्ष पाहायचं तर मेयोत कॅसलबारजवळ टर्लो पार्कमधलं ग्रामजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय सामानासाठी उत्तम. बेलफास्टजवळ कल्ट्राला आणि क्लेअरमध्ये बनरॅटीला मूळ जागेवरून हलवून किंवा जुन्या नमुन्यावर उभी केलेली घरं आहेत. आणि गाडीतून जाताना एखाद्या घरावर गंजका पत्रा दिसला तर नाक मुरडू नका. गेल्या शतकात अनेकांनी शाकारणी न काढता वरूनच पत्रा ठोकला. तो काढताना आम्ही आधी एकच फटीएवढी जागा उघडतो आणि टॉर्च आत घालतो. दहापैकी चार-पाच वेळा खाली पेंढा, त्याखाली काजळलेली स्क्रॉ आणि तिला शिवलेली दोरी जशीच्या तशी असते. मग पत्रा घाईने उचकटायचा नाही. त्या दिवशी काम थांबवून आम्ही मापं आणि फोटो घेतो, आणि शाकारणीवाल्याला फोन करतो.